तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीत आलेले डबे

डिसेंबर लागला की स्टाफरूममध्ये, चर्चच्या आवारात, भाजीच्या गाडीपाशीसुद्धा मला कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचं ते नाताळचं हॅम्पर दीडशे रुपयांत कसं बसतं हो? आम्ही करायला गेलो तर पाचशेच्या खाली उतरत नाही." विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कृती हवी असते. मी ती देतेही. पण पैसे कसे वाचतात ते कृती वाचून कळणार नाही. त्यासाठी आमच्या स्वयंपाकघरातला माळा बघावा लागेल. दिवाळी आटोपली की तिथे चौदा-पंधरा रिकामे डबे रांगेनं बसलेले असतात. कुणाचा स्टीलचा, कुणाचा झाकणाला पोचा आलेला, कुणाच्या बुडावर लग्नातल्या आहेराचं नाव आणि साल कोरलेलं. शेजारपाजारच्यांनी फराळ भरून पाठवलेले हे डबे. ते परत करायचे असतात, आणि रिकामं भांडं कुणाच्या घरी परत पाठवायचं नसतं. माझं हॅम्पर इथून सुरू होतं.

मी नाशिकमधल्या शरणपूरच्या बाजूला वाढले. १८५०च्या दशकात ख्रिस्ती मिशननं ही वस्ती वसवली. ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला मुकलेल्या कितीतरी जणांनी इथे नव्यानं चूल मांडली. धर्म बदलला, पण हाताचं वळण तेच राहिलं. म्हणून आमच्याकडे नाताळला केकच्या जोडीला करंज्या, अनारसे, चकल्या, शंकरपाळे असतात. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला कधी वाटलं नाही. आई दिवाळीत आलेले डबे घासूनपुसून ठेवायची आणि २५ तारखेच्या सकाळची उपासना झाली की आम्हा भावंडांच्या हाती एकेक डबा द्यायची. कुठला डबा कुठल्या घरचा हे तिला झाकणावरून कळायचं. तिनं हॅम्पर हा शब्द कधी वापरला नाही.

मला नोकरी लागली त्या वर्षी मी हे सगळं बाजूला ठेवलं होतं. दुकानातल्यासारखं करायचं ठरवून मी बारा वेताच्या टोपल्या आणल्या, पारदर्शक कागद आणला, सॅटिनची रिबीन आणली, टोपली भरलेली दिसावी म्हणून तळाशी घालायला कागदाची कातरणं आणली. नंतर हिशेब मांडला. टोपलीमागे २६० रुपये गेले होते आणि त्यातले १४० खायच्या वस्तू सोडून बाकीच्यावर होते. तरी मी खूश होते. शेजारच्या काकूंनी टोपली हातात घेतली, कौतुक केलं, आणि मग जरा चाचरत विचारलं, "अगं, आमचा डबा तुमच्याकडेच राहिला का गं?"

राहिलाच होता. १९८४ साल कोरलेला, त्यांच्या आईनं दिलेला. माझ्या टोपल्यांच्या घाईत तो माळ्यावर तसाच पडला होता. मी तो आणून दिला, तोही रिकामा. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दिवाळीत त्यांचा फराळ कागदी खोक्यातून आला. ते खोकं बघून मला जे वाटलं ते अजून आठवतं. तेव्हापासून एकही टोपली विकत आणलेली नाही.

तर पहिलं उत्तर हे. भेटवस्तूंच्या टोपलीत सगळ्यात महाग पडतं ते वेष्टण आणि वेष्टणामुळे तयार होणारी रिकामी जागा. समोरच्याचाच डबा वापरला की दोन्ही खर्च जातात. डबा ठासून भरायचा असतो, म्हणून कातरणं लागत नाहीत. शिवाय डब्याचं माप आपल्याला आवर घालतं. दोन किलोच्या डब्यात जे मावेल तेच, त्याच्या पुढे मोह नाही.

आता कृतीकडे येते. गेल्या वर्षी मी चौदा डबे भरले. प्रत्येकात आठ नानकटाया, केकचा एक जाड तुकडा, संत्र्याच्या मार्मालेडची छोटी बाटली, चिवडा, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी आणि एक मेणबत्ती. सगळा खर्च २,१५० रुपये झाला, म्हणजे डब्यामागे दीडशेच्या जरा वर. गॅस आणि माझे कष्ट त्यात धरलेले नाहीत. ते धरू नयेत असं माझं म्हणणं नाही, फक्त भेटीच्या हिशेबात मला ते मांडता येत नाहीत. या रकमेतले ६४० रुपये एकट्या तुपाचे. म्हणजे हात आखडायचा तर तुपाशीच आखडावा लागेल, आणि तिथे मी आखडत नाही. नानकटाईला तूप कमी पडलं की ती पहिल्या घासालाच सांगते.

नानकटाईसाठी माझं माप असं: १ किलो ७०० ग्रॅम मैदा, १ किलो तूप, १ किलो पिठीसाखर, आणि बेसन-रवा मिळून ४०० ग्रॅम. आधी तूप आणि साखर हातानं पांढरं होईपर्यंत फेटायची. यात घाई केली की नानकटाई घट्ट होते. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. मग पीठ अलगद एकत्र करायचं, कणकेसारखं मळायचं नाही. साधारण ३५ ग्रॅमचा गोळा धरला तर एवढ्या पिठात एकशेबारा होतात आणि वर चार-पाच घरच्यांना चाखायला उरतात. भाजायला मी बेकरीत नेते. आपलं साहित्य देऊन भट्टीत भाजून घ्यायची पद्धत नाशिकच्या जुन्या बेकऱ्यांत अजून आहे. दीडशे रुपयांत सगळ्या भाजून मिळाल्या. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये बारा-बारा करत रात्र गेली असती. मात्र २० तारखेनंतर जाऊ नका, तेव्हा बेकरीवाल्यांना स्वतःच्या केकमधून मान वर करायला फुरसत नसते.

केकच्या बाबतीत खर्च वाचतो तो टुटीफ्रुटीत. ती घरी होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक किलो कच्ची पपई सोलून, बिया काढून, बारीक चौकोनी फोडी करायच्या. पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून निथळून घ्यायच्या. मग पाऊण किलो साखरेच्या पाकात फोडी आरपार दिसायला लागेपर्यंत मंद आचेवर शिजवायच्या आणि ताटात पसरून दोन दिवस वाळवायच्या. लाल रंगासाठी मी थोड्या फोडींत, त्या पाकात असतानाच, बिटाचा रस घालते. हे काम नोव्हेंबरमध्येच उरकतं. मनुका, उरलेल्या खजुराचे तुकडे आणि ही टुटीफ्रुटी संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळून, गार करून, फ्रिजमध्ये दोन दिवस मुरवली की रमची उणीव कुणाला जाणवत नाही. आमच्याकडे कधी रम घातलीच नाही. गडद रंगासाठी साखर करपवून तिचं पाणी करायचं. साखर तांबूस-काळी झाली की गॅस बंद करून गरम पाणी धारेनं घालायचं आणि तोंड लांब ठेवायचं, कारण ते जोरात उसळतं.

संत्री रसासाठी आणली की सालं उरतात, त्यांतूनच मार्मालेड. सालांची आतली पांढरी बाजू खरवडून बारीक सळ्या करायच्या, दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं म्हणजे कडूपणा बेताचा राहतो. तिसऱ्या वेळी गर, रस, साखर आणि लिंबाचा रस. संत्र्याच्या आणि लिंबाच्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्यातच सोडायच्या. जॅम धरून ठेवणारं पेक्टिन बियांत असतं. झालं की नाही हे बघायला थंड बशीत एक थेंब टाकून बोटानं ढकलायचा, वर सुरकुती पडली की उतरवायचं. बाटल्या मी वर्षभर जमवते, कॉफीच्या, मधाच्या. त्या धुऊन, दहा मिनिटं उकळून, पूर्ण कोरड्या करून त्यात गरम असतानाच भरायचं. लोणच्याच्या बाटल्या घेऊ नका. चार दिवस उन्हात ठेवल्या तरी झाकणाचा वास जात नाही.

चिवड्याबद्दल नाशिककरांना मी काय सांगणार! पातळ पोह्यांचा करा, आणि भरायच्या दिवशी सकाळीच करा. खुरासणीची चटणी मात्र मुद्दाम ठेवते. पेठ-सुरगाण्याच्या बाजूची खुरासणी मंद भाजून, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटायची. एवढ्या गोडाच्या मध्ये ती जिभेला जागं करते, आणि माझ्या अनुभवानं डब्यातली पहिली संपणारी वस्तू हीच.

मेणबत्त्यांचं सांगते. दिवाळीच्या पणत्या पुढच्या वर्षी काळ्या दिसतात म्हणून बहुतेक घरांतून टाकल्या जातात. मी मागून घेते. सोड्याच्या गरम पाण्यात घासून, दोन दिवस कडक उन्हात वाळवायच्या, ओल राहता कामा नये. चर्चमधल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे मागितले की मिळतात. ते थेट गॅसवर कधीही वितळवू नका, मेण पेट घेतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलच्या भांड्यात मेण वितळवायचं, पणतीत वात उभी धरून ओतायचं. शेजारच्या घरातली दिवाळीची पणती नाताळच्या रात्री त्याच घरात पुन्हा पेटते. हे एवढं मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडतं.

एक चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. एका वर्षी मी केक आणि नानकटाई एकाच डब्यात उघड्याच ठेवल्या आणि झाकण घट्ट लावलं. केकमधली ओल नानकटाईनं शोषली, तिसऱ्या दिवशी ती भिजल्यासारखी मऊ. चौदाच्या चौदा घरांत. तेव्हापासून केक पूर्ण गार झाल्यावरच बटर पेपरमध्ये दोनदा गुंडाळते, चिवडा हवाबंद पिशवीत घालते, बाटली तळाशी आणि नानकटाई सगळ्यात वर ठेवते. नाशिकची डिसेंबरची थंडी मदतीला असते, केक आठवडाभर बाहेर राहतो. मुंबईच्या बहिणीला देते तेव्हा मात्र "चार दिवसांत संपव" असं चिठ्ठीवर लिहून देते.

चिठ्ठी प्रत्येक डब्यात असते, छापलेली नाही. तिच्यात दिवाळीत त्यांच्याकडून काय आलं होतं ते लिहिते. "तुमच्या अनारशांना यंदा जाळी सुंदर पडली होती." नोव्हेंबरमध्ये डबे माळ्यावर ठेवतानाच प्रत्येकात कागदाचा कपटा टाकते, कुणाचा, आत काय होतं, घरात कुणाला साखर आहे, कुणाकडे अंडं चालत नाही. ज्या घरी अंडं चालत नाही तिथे केकऐवजी नानकटाई दुप्पट. ज्यांना साखर आहे त्यांच्या डब्यात चटणी आणि चिवडा जास्त, आणि भाजलेले शेंगदाणे. ते कपटे काढून वाचायचे, हे माझं आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारचं ठरलेलं काम.

घरकामाच्या मावशींचं आणि सोसायटीच्या वॉचमनदादांचं विचारता, तर त्यांनाही डबा असतो, पण पाकीट वेगळं. पाकिटातली रक्कम कमी करून तिथे खाऊ भरू नये. त्यांनी वर्षभर आपल्यासाठी काम केलेलं असतं, आणि त्या पैशांचं काय करायचं हे त्यांचं त्यांना ठरवता आलं पाहिजे.

राहता राहिला तो प्रश्न, जो परवा एका तरुण शिक्षिकेनं विचारला. "मॅडम, मी इथे नवीन. माझ्याकडे कुणाचा डबाच आलेला नाही. मग मी काय करू?" तर मग पहिला डबा आपण पाठवायचा. भांडीबाजारात जायचं, साधा स्टीलचा डबा घ्यायचा, दुकानदाराकडून त्यावर आपलं नाव कोरून घ्यायचं. त्या वर्षी तेवढा खर्च वाढतो, तो वाढू द्यावा. दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर बिहारचं एक कुटुंब राहायला आलं. बाई भाषेमुळे जरा बुजलेल्या असायच्या. मी नाताळला नवा डबा भरून दिला. तो वर्षभर परत आला नाही, मीही कधी विषय काढला नाही. मग छठपूजेच्या दुसऱ्या दिवशी बेल वाजली. त्यांची मुलगी दारात उभी, हातात माझा डबा, लख्ख घासलेला, आत ठेकुआ, म्हणजे छठचा गव्हाच्या पिठाचा गोड तळलेला पदार्थ. "आईनं सांगितलंय, आमचा डबा परत करायची घाई करू नका असं म्हणायचं नाही, लगेच द्या असं पण म्हणायचं नाही," ती एका दमात म्हणाली आणि पळाली. त्या डब्याबरोबर त्यांचा आणखी एक छोटा डबा होता. तो आता माळ्यावर आहे, कपटा टाकून: ठेकुआ, तुपातला, बडीशेप घातलेला, मुलीला केकमधली टुटीफ्रुटी आवडते.