हॅमस्टरला डॉक्टर मिळेपर्यंतचे पाच तास

चिकू, म्हणजे आमचा उंदरासारखा छोटा पाळीव हॅमस्टर, श्वास घेताना टिकटिक आवाज येतोय, हे आधी लेकीच्या लक्षात आलं. जुलैतला रविवार होता, पावसामुळे चार दिवस खिडक्या बंद. पिंजऱ्याचा वास घरभर येतो म्हणून मी आठवड्यापूर्वी प्लगमध्ये लावायचा सुगंधी फ्रेशनर आणला आणि पिंजऱ्याशेजारच्याच सॉकेटला लावला. मागच्या कपाटात सासूबाईंच्या डांबरगोळ्या होत्याच. सव्वाशे ग्रॅमचा जीव रात्रंदिवस त्या हवेत होता.

फ्रेशनर काढला, पिंजरा दुसऱ्या खोलीत नेला आणि फोन करायला बसले. एका दवाखान्यात फोनच उचलला नाही. दुसरीकडे ‘फक्त कुत्री-मांजरं बघतो’. तिसरीकडे म्हणाले, ‘घेऊन या.’ भर पावसात रिक्षाने गेलो. केसपेपरचे पैसे घेतले आणि आम्हाला दोन मोठ्या कुत्र्यांच्या मधे बसवलं. कुत्र्याच्या नुसत्या वासानेही हॅमस्टर घाबरतो. चिकू कोपऱ्यात थिजला होता, कुशी भराभर हलत होत्या. श्वासाचा त्रास आहे, आधी घ्या, असं मी दोनदा उठून सांगितलं. ‘नंबर येईल मॅडम.’ पावणेदोन तासांनी नंबर आला आणि डॉक्टर म्हणाले, हे आमच्याकडे बघत नाही. एवढं फोनवर सांगता आलं नसतं? काउंटरवरचा माणूस वर म्हणाला, ‘नवीन घ्या ना, स्वस्त मिळतो.’ लेक शेजारीच उभी होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, ‘हॅमस्टर बघणारे डॉक्टर आज, आत्ता आहेत का?’ असंच विचारा. ‘लहान प्राणी बघता का’ याला सगळे हो म्हणतात. आणि नेताना पिंजऱ्यावर सुती कापड टाका, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

शेवटी कॉकटिएल (पोपटासारखा पक्षी) पाळणाऱ्या शेजाऱ्यांनी नंबर दिला. त्या डॉक्टरांनी चिकूला लगेच ऑक्सिजनला लावलं आणि मला विचारलं, ‘घरात वासाचं काय काय वापरता?’ फ्रेशनर आणि गोळ्या सांगितल्यावर म्हणाल्या, दोन्ही आजच बाहेर. डांबरगोळीची हवेत सतत वाफ होत असते. आपल्याला वास येतो म्हणजे ती वाफ श्वासातून आत जातेच आहे. पक्षी असतील तर स्प्रे आणि उदबत्तीचा धूरही नको, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, त्या वाफेने पक्षी मरतात.

औषधाने दहा दिवसांत आवाज थांबला.

वासाचं म्हणाल तर तो बहुतेक मुताच्या एकाच कोपऱ्यातून येतो. तेवढाच भुसा रोज काढायचा. सगळा पिंजरा एकदम धुतला तर त्याचा स्वतःचा वास जातो, तो बावरतो आणि पुन्हा वासाच्या जास्त खुणा करतो. डाग व्हाइट व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसते, मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवते. तोवर चिकू दुसऱ्या डब्यात. ब्लीच अजिबात नाही, मुतातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. अरे हो, पाइन आणि देवदाराचा भुसाही बंद केला, त्याचा सुगंधही श्वासाला त्रासदायकच. आता कागदाचा घालते.

कपाटात सासूबाईंनी वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवलाय. त्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावलाय, रविवारच्या वेळेसकट.