पांढरीच घ्या, साहेब

“साहेब, पांढरीच घ्या. विकताना पटकन जाते.”

गाडी अजून घेतलीही नव्हती हो! टेबलावर रंगांचं कार्ड, अर्धा प्यायलेला चहा, आणि शोरूममधला पोरगा आम्हाला गाडी विकता विकता ती पुढे कशी विकायची ते समजावत होता.

लेकीचं बोट लाल रंगावरून हलेना. तो म्हणाला, “लाल उन्हात फिकट पडतो, ताई. आणि आतून बेज नको, काळंच घ्या. डाग दिसत नाहीत.”

त्याचं चूक नव्हतं. पांढरी उन्हात कमी तापते. साध्या पांढऱ्याला ओरखडा गेला तर रंग जुळवणं सोपं, मोती छटेचा पांढरा मात्र गॅरेजवाल्याला घाम फोडतो. काळ्या सीटवर मे महिन्यात पुण्यात बसून बघा म्हणावं, पण तेही असो.

बायको एवढंच म्हणाली, “पुढच्या मालकाला काय आवडेल ते आपण का ठरवतोय?”

पोरगा हसला. मी नाही हसलो, कारण बुकिंग फॉर्मवर ‘पांढरा’ लिहून झालं होतं.

बाबांची स्कूटर निळी होती. शेवटी भंगारातच गेली, पण गल्लीच्या तोंडाशी दिसली की आम्ही ओळखायचो, बाबा आले. आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजल्या. आमच्या रांगेत नऊ गाड्या, सहा पांढऱ्या.

बुकिंगचा रंग उद्यापर्यंत बदलता येतो म्हणे. तुम्ही काय केलं असतं?