कुत्र्याचे पोट फुगले असेल, तर मानेची शीरही पाहावी

आमच्या देवगडाकडे कुत्रा मलूल झाला आणि त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या की पहिला संशय गोचीड-तापावर जातो; पोट फुगले की यकृतावर. बहुतेक वेळा हे संशय रास्तच असतात. शेजारच्या कलमांच्या बागेतील लॅब्रॅडॉरच्या बाबतीत मात्र पशुवैद्यकांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा हृदयाचे ठोके फार दबलेले ऐकू आले, मानेची शीर टरारून फुगलेली दिसली आणि नाडी क्षीण लागली. हृदयाभोवती द्रव साचल्याच्या संशयाने त्यांनी कोणतेही औषध न देता त्याला फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचला की उजवी बाजू आधी दबते, कारण तेथील दाब कमी असतो. मग परतणारे रक्त मागे तुंबते आणि त्यातूनच पोटात पाणी होते. हे पाणी उतरावे म्हणून लघवी वाढवणारे औषध दिले, तर दाबाखाली कसेबसे भरणारे हृदय आणखी रिकामे राहते आणि कुत्रा कोसळू शकतो. एक्स-रेमध्ये हृदय गोल, मोठे दिसते, परंतु खात्री इकोनेच होते. कुत्र्याची प्रकृती तेवढा अवधी देत असेल, तर द्रव काढण्यापूर्वीच इको करावा, कारण द्रव असताना हृदयावरची गाठ अधिक स्पष्ट दिसते.

खरा उपचार म्हणजे तो द्रव काढणे. जागा बधिर करून, ईसीजी चालू ठेवून, सहसा उजवीकडून बरगड्यांमधून सुई घालतात. बाहेर येणारा द्रव रक्तासारखाच दिसतो, पण तो बहुधा गोठत नाही. नळीत गोठू लागला, तर सुई हृदयाच्या कप्प्यात गेली असावी किंवा ताजा रक्तस्राव चालू असावा, अशी शंका घ्यावी लागते. द्रव निघताच नाडी सुधारते.

पुढचे सारे कारणावर अवलंबून असते. उजव्या कर्णिकेवरील (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यावरील) रक्तवाहिन्यांचा कर्करोग असेल, तर आयुष्य थोडेच उरते, आणि ही गोष्ट मालकाला स्पष्ट सांगायला हवी. कारण सापडलेच नाही, तर आशा बरीच असते. अशा सुमारे निम्म्या कुत्र्यांत द्रव पुन्हा साचतो आणि वारंवार साचल्यास शस्त्रक्रियेने आवरणाचा भाग काढतात.

बागायतदारांना एक विनंती: नारळ-सुपारीच्या खोपीत उंदरांचे औषध ठेवले असेल, तर ते डॉक्टरांना सुई घालण्यापूर्वीच सांगावे. त्यातील काही विषांमुळे रक्त गोठत नाही, हृदयाभोवतीही रक्तस्राव होऊ शकतो, आणि तेथे के-१ जीवनसत्त्व व प्लाझ्मा (रक्तातील द्रवभाग) लागतो.