तीन ते पाचच्या मधली खरखर

गणपतीच्या आधीचा महिना आला की ऑर्केस्ट्रावाल्यांना एकदम गिटारी आठवतात. वर्षभर कपाटावर धूळ खात पडलेली गिटार दुरुस्तीला येते, आणि प्रत्येकाला ती उद्याच हवी असते. ३० जुलै २०२५, बुधवार. टेबलावर कामाचा ढीग होता, पण मी खुशीत होतो. अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गायचा नवा अल्बम ‘एन्ट डन विथ द ब्लूज’ त्याच दिवशी आला होता, त्याच्या एकोणनव्वदाव्या वाढदिवशी. अठरा गाणी. स्पीकरवर लावली आणि सोल्डरिंग गन तापत ठेवली.

काका आले ते दुपारी. पांढरा लेंगा, खांद्यावर शिवण उसवलेली बॅग. आत जपानी बनावटीची जुनी स्ट्रॅटोकॅस्टर इलेक्ट्रिक गिटार. हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवलेला माणूस.

“खरखर करते रे. आणि बोटं आता दुखतात, पूर्वीसारखी चालत नाहीत. बारीक तारा लाव.”

मी दहा नंबरच्या जाड तारा काढून नऊच्या बारीक चढवल्या, ब्रिजची उंची जरा खाली घेतली आणि मग खरखरीच्या मागे लागलो. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या फिरत्या भागात, क्लीनर मारून भागेना. शेवटी पॉट बाहेर काढला, पत्र्याचे कान वाकवून उघडला. आतला कार्बनचा पट्टा साधारण जिथे जिथे काटा फिरतो तिथे सारखा झिजतो. इथे मात्र बटणावरच्या तीन ते पाच आकड्यांच्या मधलाच भाग घासून चकचकीत झाला होता, बाकीचा पट्टा नव्यासारखा काळा. इतकी वर्षं पॉट बदलतोय, पण असली झीज पाहिली नव्हती.

“काका, तुम्ही हा सारखा फिरवता?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. स्पीकरकडे बोट केलं. “कोण वाजवतोय?”

सांगितलं. वय सांगितल्यावर त्यांनी स्टूल ओढलं.

मग मला बोलायला निमित्तच मिळालं. लुइझियानातल्या कापूस वेचणाऱ्या घरातला हा पोरगा १९५७ मध्ये शिकागोला गेला. चेस रेकॉर्ड्स या कंपनीत मडी वॉटर्ससारख्या बड्या ब्लूज गायकांच्या मागे वाजवायचा. पण क्लबात वाजवायचा तसा कर्कश, ताणलेला आवाज रेकॉर्डवर काढायला मालक लेनर्ड चेस परवानगी देईना, त्याच्या मते तो नुसता गोंगाट. १९६७ पर्यंत बडी दिवसा टो-ट्रक चालवत होता. पुढे त्याच आवाजावर इंग्लंडची गोरी पोरं श्रीमंत झाली. मग चेसने त्याला बोलावून घेतलं आणि ओणवा होऊन म्हणाला, घाल लाथ माझ्या ढुंगणावर. हा किस्सा बडीने स्वतःच मुलाखतींत कितीदा तरी सांगितलाय.

काका पोट धरून हसले. “आमच्याकडे उलटं. निवेदक माइक झाकून म्हणायचा, गिटार खाली घ्या, गाणं ऐकू द्या. मग मी करंगळीने बटण फिरवायचो. अंतरा सुरू झाला की खाली, म्युझिक पीस आला की वर. रात्रभर तेच.”

स्ट्रॅटचं व्हॉल्यूमचं बटण तारांच्या अगदी जवळ असतं. हात न उचलता करंगळी पोचते. बडीही हेच हत्यार वापरतो. २०२३ च्या फेब्रुवारीत वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत त्याला ऐकलं होतं: कान फाटेल असा सूर ओढत असतानाच आवाज इतका खाली आणायचा की पुढच्या रांगेतली कुजबुज ऐकू यावी. लोक तेव्हा ओरडतात, मला त्यांचा राग येतो, पण ते असो.

मी सुचवलं, नव्या पॉटवर एक छोटा कॅपॅसिटर टाकतो, म्हणजे आवाज कमी केला तरी धार जाणार नाही. हल्ली पोरं हेच मागतात. काकांनी साफ नकार दिला. “खाली घेतल्यावर बोथट व्हायलाच हवा. नाहीतर गायकाच्या अंगावर येतो.” हे मात्र कुठल्याही सर्किटच्या नकाशात लिहिलेलं नसतं.

नवा पॉट बसवला, पण त्यांना तो जड वाटला. दुसरा दिला, तो सैल. तिसरा करंगळीने चारदा फिरवून पाहिला आणि मान डोलावली. तोवर किंगफिश इन्ग्रमबरोबरचं गाणं लागलं होतं. पंचविशीतला मिसिसिपीचा पोरगा आणि हा म्हातारा, दोघे एकमेकांना डिवचत होते. काकांनी अँप चालू करायला लावला आणि त्या दोघांत स्वतःही घुसले. सूर जुळवायला थोडा वेळ गेला, मग एक तार त्यांनी अशी खेचली की शेजारचा झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला.

थांबले ते तोंड वाकडं करूनच. “या तारा फार मऊ आहेत. ओढली की कुठेही जातात. माझ्या दहाच्याच लाव.”

“काका, तुम्हीच म्हणालात बोटं दुखतात.”

“दुखू देत.”

पुन्हा सगळं उतरवलं, नवा दहाचा संच चढवला, नेक सरळ केली, सूर लावून दिले. बिलात नऊच्या तारांचे पैसे धरले, ते त्यांनी खोडायला लावले. म्हणाले, त्या तर मी नेतच नाही.