तुम्ही विचारलंत म्हणून: दिवस जाण्याआधी काय करावे?

शहाद्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो, पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास तो हमखास वाढतो. नव्याने लग्न झालेल्या मुली सणाला माहेरी येतात आणि झोके, गौराईची गाणी आटोपली की आई लेकीला दवाखान्यात घेऊन येते. ‘आता मुलाचा विचार आहे, मनी पोरले काय खावाले देऊ?’ प्रश्न योग्य वेळी विचारलेला असतो, कारण बहुतेक जणी पाळी चुकल्यावरच येतात. एवढेच, की त्यात खाण्यावर जितका भर असतो तितका तपासणीवर नसतो, आणि जावयाचा तर उल्लेखही नसतो.

आधी दिवसांचा हिशोब सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकते तेव्हा त्यातले निम्मे दिवस संपलेले असतात. मग आठवडाभर वाट पाहणे, घरच्या घरी तपासणी करणे, सासूबाईंना सांगणे आणि सवडीने दवाखान्यात येणे यांत उरलेले दिवसही जातात. ही नळी नीट मिटावी म्हणून दिली जाणारी फॉलिक अॅसिडची गोळी तोपर्यंत सुरू झालेली नसेल, तर तिचा मुख्य उपयोग हुकलेला असतो. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान एक महिना आधी, शक्यतो तीन महिने आधी सुरू करावी आणि दिवस गेल्यावर बारा आठवडे चालू ठेवावी. औषधाच्या दुकानात नुसते नाव सांगितले तर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, म्हणजे गरजेच्या बारापटीहून अधिक. तो मोठा डोस आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्या स्त्रियांसाठी असतो. फिट्सची औषधे मात्र कोणीही स्वतःहून बंद करू नयेत. त्यांतली काही गर्भाला घातक असतात हे खरे, पण ती बदलायची तर डॉक्टरांनी आणि गर्भ राहण्याआधी.

आता खाण्याविषयी. कळण्याची भाकरी, उडदाचे वरण, पोकळा, मेथी, शेंगदाणे, हरभरे हे आपले रोजचे जेवण मुळात चांगलेच आहे, आणि त्यासाठी महागड्या पावडरींचे डबे आणण्याची गरज नाही. हिरव्या पाल्यातले फोलेट, म्हणजे फॉलिक अॅसिडचेच अन्नातले रूप, शिजवताना बरेचसे नष्ट होते, त्यामुळे जेवण कितीही चांगले असले तरी गोळी टळत नाही. लोहाच्या बाबतीत आपले खरे नुकसान चहा करतो. भाकरी खाल्ल्याबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह शरीराला नीट मिळू देत नाही. तो तासभर पुढे ढकलला आणि जेवणात लिंबू पिळले, तर त्याच भाकरीचा जास्त उपयोग होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या वर असावे, पण माझ्याकडे नऊवर असलेल्या मुली येतात आणि आपल्याला काहीच त्रास नाही असे सांगतात, कारण थकवा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग वाढून हा आकडा आणखी खाली येतो. शिवाय गोळ्यांनी आकडा वर आला तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला पुढे काही महिने लागतात. हे काम आधीच उरकलेले बरे. पाळीत जास्त रक्त जात असेल तर त्याचे कारणही तेव्हाच शोधावे, नाहीतर गोळ्या एकीकडे आणि रक्तस्राव दुसरीकडे असे चालू राहते.

मात्र लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी आमच्या भागात एक तपासणी मी टाळू देत नाही, ती सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्यालगतच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजांत, या आजाराचे वाहक बरेच आहेत. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला ते माहीतही नसते. पहिली चाचणी अगदी साधी आहे. बोटातले थेंबभर रक्त छोट्या नळीतल्या द्रावणात मिसळतात आणि काही मिनिटांनी ती नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरतात. रेघा आरपार दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची खात्री मिळत नाही. हे आधी कळले, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करून घेता येते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, पण सोयरीक मोडेल या धास्तीने अजूनही लोक तपासणी टाळतात. लग्न झालेल्या जोडप्याला तर ही धास्तीही बाळगण्याचे कारण नाही.

साखर, थायरॉइड आणि रक्तदाब या तपासण्या त्याच फेरीत होऊन जातात. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर ती आत्ताच घ्यावी आणि त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी, कारण ही लस गरोदरपणात देता येत नाही. मशेरी आणि तपकीर बंद करावी. दातांना लावतो, खात नाही, हा बचाव मी रोज ऐकते, पण तंबाखू हिरडीतूनही रक्तात जाते. आणि ‘मुलगा होण्याचे औषध’ म्हणून कोणी पुडी दिली तर ती घेऊ नये. बाळाचे अवयव घडण्याच्या नेमक्या दिवसांत पोटात जाणाऱ्या त्या पुडीत काय आहे, हे देणाराही सांगत नाही.

जावयाकडे सगळ्यात शेवटी येते, कारण घरचेही त्याला शेवटीच आणतात. पुरुषाचे बीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे आज गुटखा सोडला तर त्याचा फायदा दिसायला तेवढा काळ जावा लागतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्या दवाखान्याच्या जिन्यातल्या भिंतीला ते माहीत नाही. दारूही थांबवावी. अंग कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या काही तरुणांचे बीज जवळजवळ शून्यावर आलेले मी पाहिले आहे, आणि असा तरुण शोधून सापडतो तोवर बायकोच्या तपासण्यांवर बराच खर्च झालेला असतो. कपाशीवर फवारणी करणाऱ्याने हातमोजे आणि मास्क वापरावा, घरी येताच अंघोळ करावी आणि ते कपडे बायकोला हाताने धुवायला देऊ नयेत.

एवढे झाल्यावर घाई करू नये. नियमित संबंध ठेवणाऱ्या दहांपैकी आठ किंवा त्याहून जास्त जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात ‘अजून काही नाही का’ असे विचारणाऱ्यांना हे खुशाल सांगावे. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, नसेल तर वर्षाने, आणि पाळी फारच अनियमित असेल तर त्याहून आधी दोघांनी मिळून यावे. तोवर दर महिन्याला सोनोग्राफी मागू नये. फॉलिक अॅसिडची गोळी मात्र त्या सगळ्या काळात चालू ठेवावी.