विमान उडत नव्हतं, कारण…

जानेवारीत रिमोटवर उडवायचं, थर्माकोलचं ट्रेनर म्हणजे शिकाऊ विमान घेतलं. एक मीटरचा पंख, तोही वरच्या बाजूला. नवशिक्याला असंच घ्यावं म्हणतात, कारण ते हवेत आपोआप सरळ व्हायला बघतं. माझं मात्र सरळ जमिनीकडेच बघायचं.

सोलापुरात होटगी रोडला विमानतळ आहे, त्यामुळे ती बाजू सोडूनच दिली. तुळजापूर रोडला मामाचं रान आहे. ज्वारी काढून झाली होती. पहिल्या सकाळी पूर्ण थ्रॉटल, म्हणजे मोटरला पूर्ण जोर, देऊन हातातून सोडलं, तर दहा-बारा फुटांवर जाऊन पोटावर बसलं. मोटर ओरडत होती, पण ओढ नव्हती. मोटरचा पंखा उलटा बसवला होता! पात्यावरचे आकडे पुढच्या बाजूला हवेत, माझे मागे होते. हे सांगायलाही लाज वाटते, म्हणून इथेच सोडतो.

दुसऱ्या दिवशी ओढ भरपूर, पण आता नवंच. सोडलं की नाक वर, अजून वर, मग क्षणभर हवेत थबकायचं आणि एक पंख खाली टाकून धप्पकन पडायचं. मी वाऱ्याला दोष दिला. मग सर्व्होचे (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) हॉर्न म्हणजे दांडे बदलले, एलिव्हेटरचं (नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीचं) ट्रिम, म्हणजे तिची मूळ जागा, खाली केलं, थ्रॉटल कमी केला. सगळं एकाच दिवशी. संध्याकाळी दोन तुकडे घेऊन घरी.

शेजारचे काका यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. गोंद लावताना बघून म्हणाले, "अरे, सगळंच हलवलंस तर खोट कुठंय ते कसं कळणार? आम्ही एक नट हलवायचो, हातभर कापड विणून बघायचो, मग पुढचा."

मग एकेक करत सुरू केलं. आधी सीजी, म्हणजे विमानाचा तोल. बॅटरीसकट विमान पंखाखाली दोन बोटांवर धरलं. माझ्या पंखाची रुंदी 20 सेंमी, तोल पुढच्या कडेपासून साधारण 5.5 सेंमीवर हवा होता. माझा 7 वर. शेपटी जड! अशा विमानाचं नाक वर जातं, वेग मरतो आणि ते पडतं, मग ट्रिम कितीही फिरवा. विमान 800 ग्रॅमचं, बॅटरी 180 ग्रॅमची. ती 7 सेंमी पुढे सरकवली आणि तोल बरोबर जागेवर आला. ट्रिम परत मधोमध. एवढ्या साध्या गोष्टीत माझे तीन रविवार गेले.

आता नाक शांत, पण पूर्ण थ्रॉटलला विमान डावीकडे ओढायचं. थ्रॉटल कमी करून नुसतं तरंगू दिलं की सरळ जायचं. म्हणजे पंख वाकडा नव्हता, खोड मोटरच्या जोराची होती. पंख वाकडा असता तर तरंगतानाही वळलं असतं. मोटर माउंटच्या डाव्या दोन स्क्रूंखाली एकेक पातळ वॉशर घातलं, मोटर किंचित उजवीकडे वळली. ओढणं जवळजवळ गेलं.

राहिलो मी. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. त्यावरचा उपाय काकांना सांगितला तर हसले: जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला रिमोटची कांडी न्यायची, जणू त्याला खालून टेकू देतोय.

मार्चमध्ये भल्या सकाळी, वारा पडलेला असताना, चार मिनिटं सलग उडालं. ऊन वाढलं की बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवत नाही, एक फुगवून झालीय. उतरताना पुढचं चाक ज्वारीच्या धसकटात अडकलं आणि त्याची तार वाकली. सायकलच्या स्पोकची नवी तार करून बघतोय.