देखावा शिकवणारं डिजिटल साहित्य आम्ही असं करून घेतलं

पुण्यातल्या गणेशोत्सवातला जिवंत देखावा म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचं नाटकच. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, मांडवात गल्लीतली मुलंमुली त्या ट्रॅकवर अभिनय करतात आणि संध्याकाळभर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा होतो. लिहिणारा, आवाज देणारे, पडदा रंगवणारे, स्पॉट फिरवणारा, साड्या-शेले जमवणाऱ्या काकू, सगळे मंडळाचेच. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मोठ्यांच्या हाताखाली काही वर्षं पडेल ते काम करायचं, मग एखाद्या वर्षी ट्रॅक आपल्या हातात येतो, असा रिवाज. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे देखावे झाले नाहीत आणि हा रिवाज मध्येच तुटला. 2022 ला मांडव पुन्हा उभे राहिले तेव्हा जुन्या मंडळींपैकी कुणी पेठ सोडून धायरी-कात्रजला गेलं होतं, कुणी थकलं होतं, आणि नव्या मुलांना देखाव्याचा वेळ-तक्ता कसा लिहितात हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून आमच्या भागातल्या काही मंडळांनी एकत्र येऊन हे सगळं मोबाईलवर शिकता येईल असं साहित्य करून घ्यायचं ठरवलं. मंडळाचा हिशेब मी बघते, त्यामुळे कागदपत्रांपासून पावतीपर्यंतचं काम माझ्याकडे आलं. देखावा असो, पथनाट्य असो की वस्तीतल्या मुलांनी मिळून रंगवायची भिंत, ज्यांना असं काही करून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पैशाचं आधी सांगते. वर्गणीतून हे होणार नव्हतं. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली येतो आणि तो कशावर खर्च करायचा याची यादी त्या कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये आहे. तिथे शिक्षण आहे, पारंपरिक कला आहे, उत्सव नाही. आमच्या अर्जात म्हणून मांडव, मूर्ती, मिरवणूक यातलं काही नव्हतं. लोकांनी एकत्र येऊन कला कशी करायची याचं शिक्षण, एवढंच मागितलं. दुसरी गोष्ट, 1 एप्रिल 2021 पासून निधी घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-1 या सरकारी अर्जाची नोंदणी लागते आणि त्यासाठी आयकराच्या 12 अ, 80 जी या नोंदण्या हव्यात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असली तरी पुष्कळ मंडळांकडे हे पुढचे कागद नसतात. ओळखीच्या एका न्यासाकडे ते होते, त्यांच्या नावे अर्ज केला. हे कागद तपासल्याशिवाय कुठल्याही कंपनीच्या दारात जाऊ नये. तिथे पहिला प्रश्न तोच येतो.

खरं काम सुरू झालं ते कामाचा तपशील लिहिताना. बैठकीत पहिली सूचना आली ती ‘बारा व्हिडिओ, प्रत्येकी दहा मिनिटं’ अशी. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, “हे बघून झाल्यावर मुलं करणार काय?” त्या प्रश्नावर अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती गेली ते फार बरं झालं. देखावा ही एकट्याने शिकायची गोष्ट नाही. तेव्हा प्रत्येक भागापुढे आम्ही एकच ओळ लिहायचं ठरवलं: हा भाग संपल्यावर गटाच्या हातात काय तयार असेल? संहितेच्या भागानंतर एका पानाचा प्रसंग. आवाजाच्या भागानंतर फोनवर मुद्रित केलेले चार संवाद. नेपथ्याच्या भागानंतर खोक्याच्या पुठ्ठ्याचं रंगमंचाचं छोटं मॉडेल. ज्या भागापुढे असं काही लिहिता येईना तो भाग काढून टाकला. इतिहासाचा एक सुंदर भाग त्यात गेला, त्याची हळहळ अजून आहे, पण निर्णय बरोबर होता.

वेळ-तक्त्याचं उदाहरण देते, कारण सगळी गंमत त्यात आहे. वहीच्या पानावर पाच रकाने: वेळ, संवाद, कोण हलतं, प्रकाश, इतर आवाज. 3 मिनिटं 40 सेकंदांना मावळा डावीकडून येतो, सहा सेकंदांनी वळून बघतो, आणखी चार सेकंदांनी लाल स्पॉट पडतो. ट्रॅक नटासाठी थांबत नाही, त्यामुळे सगळं सेकंदावर. आणि ट्रॅक लांबला की प्रयोग कमी होतात, कारण रात्री दहाला, सवलतीच्या मोजक्या दिवशी बाराला, स्पीकर बंद करावाच लागतो. असा तक्ता एकट्याने बसून लिहून होत नाही. एकाने घड्याळ धरायचं, दुसऱ्याने संवाद म्हणायचे, तिसऱ्याने जमिनीवर खडूने आखलेल्या रंगमंचावर चालून बघायचं. शिकवणारं साहित्य कसं असावं हे आम्हाला या कागदाने सांगितलं.

तपशील हातात घेऊन दरपत्रकं मागवली. दरांची तुलना करताना एक काळजी घ्या. सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे एकाच्या दरावर 18 टक्के चढतात, दुसऱ्याच्या नाही. हातातून जाणारी एकूण रक्कम धरूनच तुलना करावी. आम्ही दोघांना नमुन्याचे वेगळे पैसे दिले. फुकट नमुना मागणं मला पटत नाही. त्यात समोरच्याचे दिवस जातात.

एका मोठ्या संस्थेचा नमुना डोळे दिपवणारा होता. शनिवारवाड्यावरून फिरणारा ड्रोन, भारदस्त निवेदन, उत्तम अ‍ॅनिमेशन. दुसरा नमुना नाटकात काम करणाऱ्या दोन तरुणांचा. त्यात दीड मिनिटाची चित्रफीत, एक छापायचं कार्ड आणि चाळीस सेकंदांचा ट्रॅक होता, आणि त्या ट्रॅकमधला एका पात्राचा, खानाचा, आवाज मुद्दाम काढून टाकलेला. जागा मोकळी.

दोन्ही नमुने मंडळाच्या खोलीत मुलांसमोर ठेवले. पहिला सगळ्यांनी शांतपणे पाहिला, ‘भारी आहे’ म्हणाले आणि आपापल्या फोनकडे वळले. दुसरा लावला तेव्हा मोकळी जागा आली आणि नववीतल्या एका मुलीने तिथे स्वतःचं वाक्य टाकलं. शेजारचा म्हणाला, “खान असं बोलेल का?” मग पुन्हा लावलं, दुसऱ्याने वाक्य बदललं, कुणीतरी टेबलाचा तंबू केला, दारात उभ्या असलेल्या आजींनी खानाने बसायचं कसं ते दाखवलं. आम्हाला खोली बंद करायची होती आणि मुलं हलेनात. निवड तिथेच झाली.

मग करारनामा. इथे वकील मैत्रिणीचा फार आधार झाला, आणि हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक करवून घेणारा असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. पण त्या चित्रफितीतली संहिता आणि संगीत यांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे राहतात. ते लेखी, सहीनिशी घ्यावे लागतात. आणि कलम 19 सांगतं की हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो मूळ माणसाकडे परत जातो, हेही त्यातच. वेगळं हवं असेल तर तसं लिहावं लागतं. आम्ही मुदत, प्रदेश आणि न वापरल्यास काय, हे तिन्ही स्पष्ट लिहिलं. करणाऱ्यांची नावं प्रत्येक भागाच्या शेवटी येतील हेही लिहिलं. ते त्यांचं देणं आहे.

लोकांना साहित्य कोणत्या परवान्याखाली द्यायचं यावर बराच वाद झाला. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं काम इतरांना वापरायला देण्याच्या तयार परवान्यांमध्ये ‘व्यापारी वापर नको’ अशी अट घालता येते आणि बहुतेकांचा कल तिकडे होता. माझा विरोध होता. प्रत्येक मंडळाच्या कमानीवर कुठल्या ना कुठल्या सराफाची, बिल्डरची जाहिरात असते. मग तिथला देखावा व्यापारी की नाही? असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या डोक्यावर टांगता ठेवून साहित्य ‘मोकळं’ म्हणणं मला योग्य वाटेना. शेवटी नाव द्या, बदल करा, आणि बदललेलंही याच अटींवर पुढे द्या, असा परवाना घेतला.

संगीताच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई करू नका. पोवाडा दोनशे वर्षं जुना असला म्हणजे त्याचं कुणी केलेलं ध्वनिमुद्रणही मोकळं झालं असं नाही. त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि तो 60 वर्षं चालतो. आम्ही डफ-तुणतुण्यासह नव्याने गाऊन घेतलं, शाहिरांना मानधन दिलं आणि त्यांची सही घेतली. चित्रफितीत दिसणाऱ्या मुलांच्या पालकांची लेखी संमतीही त्याच फाइलमध्ये आहे.

पैसे चार टप्प्यांत ठरले: सहीनंतर 20 टक्के, पहिले दोन भाग मुलांसमोर तपासल्यावर 30, सगळे भाग झाल्यावर 30 आणि मूळ फाइली हातात आल्यावर उरलेले 20. शेवटचा टप्पा असा बांधलेला असणं फार गरजेचं आहे. दरपत्रक देणाऱ्यांपैकी एकाने मूळ फाइली द्यायला साफ नकार दिला होता आणि त्यांचा दर सगळ्यांत कमी होता. नुसती तयार चित्रफीत घेतली तर पुढच्या वर्षी एक शब्द बदलायलाही त्यांच्याच दारात जावं लागतं. आमच्यासाठी तर मूळ फाइली हाच गाभा. संवाद, संगीत आणि घोड्यांच्या टापांसारखे आवाज तिन्ही वेगळ्या ट्रॅकवर आहेत, त्यामुळे ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आमचे संवाद बंद करून कुणालाही आपल्या गल्लीतले आवाज घालता येतात.

तपासणीत वेळ गेला तो अक्षरांवर. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग नसेल तर देवनागरी जोडाक्षरं फुटतात. ‘दऱ्याखोऱ्या’ आणि ‘राष्ट्र’ पडद्यावर तुटून आले होते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणि फॉन्ट मुक्त परवान्याचाच, ही अट करारातच असल्यामुळे दुरुस्ती तक्रारीविना झाली. आम्ही ‘मुक्ता’ वापरला. प्रत्येक भागाला मराठी उपशीर्षकं आहेत, कारण मांडवाशेजारी ताशा वाजत असताना फोनचा आवाज कुणाला ऐकू येणार? आणि प्रत्येक फाइल वॉट्सअ‍ॅपवरून सहज जाईल इतकी लहान ठेवली.

बिलं देताना न्यासाने टीडीएस कापला, त्याची कल्पना काम करणाऱ्यांना आधीच दिलेली बरी. तरुण मुलांना ती दहा टक्क्यांची कपात अचानक दिसली की मन खट्टू होतं. 31 मार्चच्या आत हिशेब कंपनीकडे गेला.

साहित्य पेठांमधून उपनगरांतही गेलं आहे. कर्वेनगरकडच्या एका गटाने आमचा ट्रॅक घेऊन सगळे संवाद मुलींच्या आवाजात केले आणि अटीप्रमाणे तो परत पाठवला. आता दोन्ही आवृत्त्या एकत्र दिल्या जातात. निधीतला थोडा भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवला होता, तो आता उपयोगी पडतो आहे. प्रकाशाच्या भागात आम्ही हॅलोजन आणि रंगीत जिलेटीनवर भर दिला होता, पण मंडळं आता रंग बदलणारे ‘एलईडी पार’ दिवे भाड्याने आणतात, त्यामुळे डिमरचं, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करण्याच्या यंत्राचं, कार्ड आणि तक्त्यातला प्रकाशाचा रकाना नव्याने लिहून घेतो आहोत. ते काम त्याच दोघांकडे दिलं आहे, आणि या वेळी तपासायला नववीतली ती मुलगी बसणार आहे.